पहिल्या हाकेला ओ

सावेडीत पिठाच्या गिरणीच्या वर माझा क्लास आहे. जिना बाहेरून आहे, लोखंडी. कुणीही चढलं तरी आधी जिना वाजतो आणि मग माणूस दिसतो. काही वर्षांपूर्वी आषाढातल्या एका दुपारी मी एकटीच फळा पुसत होते. वीज गेल्यामुळे गिरणी बंद होती. खालून हाक आली, "मॅडम."

एकदाच. जिना वाजला नाही. मी पुसणं फळ्यावर टेकवून तशीच उभी राहिले. ओ दिली नाही.

का दिली नाही ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पाथर्डी तालुक्यातली. आईवडील ऊसतोडीला जायचे, म्हणून माझं अर्धं लहानपण पाचटाच्या कोपीत गेलं. कोपीला दार नसतं, पोत्याचा पडदा असतो. ऊस भरायला गाडी कधी येईल याचा नेम नसायचा, आणि आली की मुकादम फडाच्या कडेनं हाका मारत यायचा. आईनं आम्हाला बजावून ठेवलं होतं, "तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई. पयल्या दोन कुनाच्या बी असत्यात." मुकादमालाही हे ठाऊक होतं. तो एका दमात "हौसा हौसा हौसा" असं म्हणायचा, म्हणजे आईचं आणि त्याचं दोघांचं काम व्हायचं.

पुढे मी शिकले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मला कुणी विचारलं नाही तरी सांगते. मानसशास्त्रात एम.ए. केलं. भीती कुठून येते, मेंदू रिकाम्या जागी आवाज कसा भरतो, हे सगळं पाठ आहे. तरी त्या दुपारी मान वळली नाही. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले. ती आली नाही.

आता माझ्या कामाविषयी. मी पोरांना लष्करात अधिकारी होण्याच्या निवडीसाठी तयार करते. स्वतः वर्दी कधी घातली नाही. मैदानावरचं सगळं आमचे सुभेदार काका बघतात, ते पारनेरचे, फौजेतून निवृत्त झालेले. माझ्याकडे मनाचं खातं. "मी हाडं सरळ करतो, बाई डोकं," असं ते नव्या पालकांना सांगतात.

पालक येतात ते बहुतेक एकच प्रश्न घेऊन. शेजारच्याच बंगल्यातले एक गृहस्थ पोराला घेऊन आले, खुर्चीवर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, परीक्षेत तर नापास झाला. आता मागचा दरवाजा कुठला, तेवढं सांगा."

मी म्हणाले, "मागचा नाहीच. पण पुढचे पुष्कळ आहेत."

लोकांना वाटतं, बारावीनंतर खडकवासल्याची अकादमी हुकली की संपलं. तसं नाही. पदवी झाल्यावर पुन्हा परीक्षा देता येते आणि डेहराडून नाहीतर चेन्नईला जाता येतं. इंजिनियरांना, वकिलांना वेगळी वाट आहे. कॉलेजात एनसीसी मनापासून केली आणि तिचं शेवटचं प्रमाणपत्र हातात असलं, तर लेखी परीक्षाही नाही, थेट मुलाखतीचं बोलावणं. रूथ नावाची माझी एक विद्यार्थिनी त्या वाटेनं गेली. तिचे वडील मिशनच्या शाळेत शिपाई. लेखी परीक्षेत ती दोनदा आपटली होती आणि ही वाट तिला कुणी सांगितलीच नव्हती. आज ती वर्दीत घरी येते तेव्हा तिची आजी गल्लीभर हिंडून सांगते, "आमची रूथ सायेब झाली, आता नीट बोला तिच्याशी."

आणि एक वाट अशी आहे की ती लोकांना सांगूनही खरी वाटत नाही. साधा शिपाई म्हणून भरती झालेला पोरगा, वरिष्ठांनी शिफारस केली तर, परीक्षा देऊन अधिकारी होऊ शकतो. आधी डेहराडूनला तीन वर्षं कॉलेज करायचं, मग अकादमी. पण वयाची मर्यादा कडक असते. सलाम ठोकणाऱ्याला सलाम घेणारा व्हायचं असतं, आणि त्यासाठी वेळ थोडा असतो.

वाट कुठलीही असो, शेवटी सगळ्यांना निवडीच्या एकाच बोर्डासमोर जावं लागतं. पाच दिवसांचा मुक्काम. छातीवर नंबर लावतात, मग तुमचं नाव नाही, नंबरच पुकारतात. त्यात एक चाचणी चित्रांची असते. पडद्यावर एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. कोण आहे, आधी काय झालं, आता काय चाललंय, पुढं काय होणार. आणि शेवटचं चित्र असतं ते कोरं. नुसता पांढरा पडदा. त्यात काय दिसतं ते तुमचं तुम्ही लिहायचं.

पोरं कोऱ्या चित्रासाठी गोष्ट पाठ करून येतात. बहुतेकांना पूर आणि त्यातून लोकांना वाचवणारा नायक आवडतो. माझ्या हॉलमध्ये एका उन्हाळ्यात जेवढे पूर येतात तेवढे मुळा नदीनं आयुष्यात पाहिले नसतील. मी त्यांना सांगते, पाठ केलेली गोष्ट लगेच ओळखू येते. म्हणून मी आधी लिहायला सांगतच नाही. साडीच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा समोर धरते आणि म्हणते, बोल.

त्या पुठ्ठ्यापुढे विष्णू बसला, तिथून ही हकीकत सुरू होते.

विष्णू आणि गोरख हे दोघे एकाच पलटणीतले शिपाई. विष्णू शिंगणापूरच्या अलीकडच्या गावचा, गोरख भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचा. दोघं लेखी परीक्षा पास झाले आणि रजा टाकून माझ्याकडे आले. गोरख बोलका. जिना चढण्याआधी खालूनच "मॅडम" अशी हाक द्यायचा. एकदा मी विचारलं, "अरे, सरळ वर येत जा ना." तर म्हणाला, "आमच्याकडं डोंगरात न सांगता कुनाच्या वर चढत न्हाईत."

विष्णू त्याच्या उलट, मोजकं बोलणारा. त्याच्या जुन्या घराला चौकट आहे, दार नाही, त्या भागातल्या रीतीप्रमाणं. गोरख त्याला चिडवायचा, "ह्याच्या घरी चोर बी लाजंनं जात न्हाई." विष्णू म्हणायचा, "दार नसलं म्हनून काय झालं. आमच्यात हाक हीच कडी."

पाऊस लागला तसा गोरख भाताच्या आवणीसाठी, रोपं लावायला, घरी गेला. विष्णूही त्याच्याबरोबर मदतीला गेला. चार दिवसांनी परत येतो म्हणाले होते. विष्णू एकटाच आला. गोरख धरणाच्या पाण्यात गेला होता. धुक्यात चुकलेली म्हैस शोधायला उतरला आणि पाय घसरला, एवढंच विष्णूनं सांगितलं.

जिन्याखालून हाक आली ती दुपार त्याच आठवड्यातली. तारीख जुळवून पाहता आली असती. मी मुद्दामच पाहिली नाही.

विष्णू त्या वर्षी बोर्डाला एकटा गेला आणि निवड न होता परत आला. पुढच्या वर्षी पुन्हा रजा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, ही शेवटची. यानंतर वय बसत न्हाई." धिप्पाड पोरगा, पण आवाज एवढासा.

पहिल्याच आठवड्यात सुभेदार काका मैदानावरून तणतणत आले. "बाई, ह्या पोराच्या कानात काय हाय का?"

"का, काय झालं?"

"समोरून नंबर पुकारला की गोळीवानी उत्तर देतो. भिंतीच्या मागनं पुकारला की दगड. तीनदा बोंबललो तवा 'जी साब' म्हनला. बोर्डातले लोक काय तीनदा पुकारत बसनारेत?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मैदानावर गेले. काका पाण्याच्या टाकीआडून ओरडले, "नंबर सात." विष्णू पाठमोरा होता. त्याची मान ताठ झाली, खांदे किंचित वर आले, आणि तो तसाच थांबला. ती मान मी ओळखली. कोपीत पडद्याकडे पाठ करून झोपलेल्या आम्हा सगळ्या पोरांच्या माना तशाच व्हायच्या.

दुपारी त्याला हॉलमध्ये बसवलं आणि पुठ्ठा समोर धरला.

"काय दिसतं?"

"धुकं."

"कोण आहे त्यात?"

"एक जन हाय. काठाला बसलाय."

"आधी काय झालं?"

"हाक आली."

"कुणाची?"

तो पुठ्ठ्याकडे बघत राहिला. मी म्हणाले, "बरं, राहू दे. पुढं काय होतं?"

"पुढं न्हाई मॅडम. तो बसलेलाच हाय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेतकरी मेळाव्याची गोष्ट कर, क्रिकेटची कर, काहीही कर, मी सांगून थकले. शेवटी वैतागून मी पुठ्ठा उलटा केला आणि म्हणाले, "ही दुसरी बाजू. हे दुसरं चित्र आहे."

त्यानं निरखून पाहिलं. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. म्हणाला, "त्या बाजूनं बी तेच हाय, मॅडम."

माझ्या अंगावर काटा आला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. गिरणी खाली चालू होती, भरदुपार होती, रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या. आणि एक शहाणासुरता जवान पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पाठीमागं जाऊन तो माणूस बघून आला होता.

मी पुठ्ठा खाली ठेवला. मानसशास्त्रात समोरच्याला बोलतं करण्याच्या पुष्कळ पद्धती शिकवतात. त्यातली एकही आठवली नाही. मी त्याला माझी हाक सांगितली. फळा पुसत होते, जिना वाजला नाही, एकदाच आली.

त्यानं मान वर केली. "गोरख्यावानी?"

"हो. तशीच."

"तुमी ओ दिली?"

"नाही."

तो पुढं सरकून बसला. मग बोलला, आणि थांबला नाही.

त्या सकाळी आवणीला निघताना गोरखच्या आईनं (विष्णू तिला आत्या म्हणायचा) पाहुणा म्हणून विष्णूला मुद्दाम सांगितलं होतं, "पोरा, धुक्यात कुनी हाक मारली तर तीनदा आल्याबिगर ओ देऊ नको. हितं पानी हाय." म्हैस चुकली तेव्हा गोरख खाली उतरला आणि विष्णूला म्हणाला, तू काठालाच थांब, तुला वाट ठावं न्हाई. हातभर पुढचं दिसत नव्हतं. मग पाण्याच्या अंगानं हाक आली, "विष्ण्या."

"मी उठलो बी हुतो, मॅडम. मग आत्या आठवली. म्हनलं, अजून दोन येऊ द्या. बसलो. दुसरी आलीच न्हाई. म्हनलं, बरं झालं ओ दिली न्हाई, ती गोरख्याची नव्हतीच."

त्यानं खाली ठेवलेला पुठ्ठा बाजूला सारला. "समद्यात शेवटी आत्यानं इचारलं, त्यानं हाक मारली हुती का रं. मी न्हाई म्हनलो."

तू चुकला नाहीस, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण खरं असून ते त्याला पुरणारं नव्हतं. बोर्ड ज्याला निवडतं त्याच्या हाकेवर पुढं तीस-चाळीस माणसं जीव टाकणार असतात, आणि त्यांच्या हाकेवर त्यानं धावायचं असतं. हाक आल्यावर जो बसून राहतो त्याला त्यांनी का घ्यावं? हे त्यालाही कळत होतं. म्हणून तर त्या पुठ्ठ्यातला माणूस उठत नव्हता.

मी एवढंच म्हणाले, "ही गोष्ट माझ्यापाशी पुरी होणार नाही. जिनं तिसऱ्या हाकेचं सांगितलं, तिच्यापाशी होईल."

तो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं भंडारदऱ्याला गेला. संध्याकाळपर्यंत मी आणि सुभेदार काका उगाच चहा पीत बसलो. काका म्हणाले, "बाई, आता ती माउली त्याला उंबऱ्यात उभा करंल का?" मी आणखी एक चहा सांगितला.

तो तिसऱ्या दिवशी परत आला. काय झालं ते त्यानं सांगितलं तसं लिहिते.

आत्या ओट्यावर नाचणी पाखडत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिनं सूप थांबवलं नाही. पाखडून झाल्यावर विचारलं, "एकदाच मारली?"

"व्हय आत्या. एकदाच."

"मग त्योच हुता." सूप खाली ठेवून ती म्हणाली, "बुडत्या मानसाला तिसरी हाक कुठनं येनार रं?"

विष्णू खाली बसला. ती पुढं म्हणाली, "आमच्या बायकांनी ह्ये कुनाकुनाला सांगितलं. मला माज्या सासूनं सांगितलं हुतं. कुनीच इचार केला न्हाई." मग आत गेली, भाकरी आणून त्याच्यासमोर ठेवली. "जेव. आन् आता पयल्या हाकेला ओ देत जा. भूत असलं तर असलं. भुताला ओ दिल्यानं काय हुतं, त्ये तरी कळंल."

परत आल्यावर मी पुठ्ठा दाखवला नाही. सुभेदार काकांनी मात्र टाकीमागून, झाडामागून, एकदा तर संडासातून नंबर पुकारला. तो प्रत्येक वेळी पहिल्या हाकेला वळला. वळताना चेहरा मात्र असा व्हायचा की जणू मागं काय असेल याची त्याला खात्री नाही, आणि तरी वळतोय. काका मला म्हणाले, "शूर म्हंजे आनि काय असतं, बाई?"

तो बोर्डाला गेला. शेवटच्या दिवशी निकाल असतो. निवडलेल्यांचे नंबर तिथंच पुकारतात, बाकीच्यांना गाडी पकडायची असते. त्या दिवशी माझं लक्ष कशात लागेना. सूर्य मावळायच्या आधी त्याचा फोन आला. स्टेशनावरचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, झालं."

मी खुर्चीत बसले. काकांनी माझ्या तोंडाकडे बघूनच टोपी काढली.

"कोऱ्या चित्रात काय दिसलं?" मी पहिलं हेच विचारलं.

"काय न्हाई मॅडम. पांढरं हुतं, नुसतं पांढरं."

"मग लिहिलंस काय?"

"एका बाईची म्हैस धुक्यात चुकल्याली असती. तिच्या हाकेला दोन पोरं धावून जात्यात आन् म्हैस घिऊन येत्यात. दोघं बी येत्यात."

मग तो म्हणाला, "निकालाला गंमत झाली. आमाला रांगांत बसवल्यालं, मी शेवटच्या रांगेत. साहेब समोरून येनार म्हनून समदे तिकडं बघत हुते, तर ते मागच्या कोपऱ्यातल्या दारानं आले आन् मागनंच नंबर पुकारला."

"आणि तू?"

"मी उठलो. येस सर म्हनायचं ते राहिलं. 'ओ' म्हनलो. मोठ्यानं. समदे हसले, साहेब बी हसले."

मीही हसले. तो मात्र हसत नव्हता. आवाज बारीक करून म्हणाला, "शेजारचा पंजाबी पोरगा माझ्या मागं बघत हुता. म्हनला, तेरे साथ और कौन बोला?"

"मागं कोण होतं?"

"भिंत हुती, मॅडम."

ज्यांना सोडायला तो स्टेशनावर आला होता त्यांची गाडी आली आणि फोन तुटला.

विष्णू आता डेहराडूनला आहे. पहिल्या सुटीत तो आधी भंडारदऱ्याला गेला, मग आपल्या बिनदाराच्या घरी. बंगल्यातले ते गृहस्थ मध्ये भेटले तेव्हा मी त्यांना म्हणाले, "आमचा एक पोरगा मागच्या दरवाजानं लागला बरं का." त्यांना वाटलं मी शेवटी कबूल केलं. मी खुलासा केला नाही.

नव्या तुकडीला पहिला धडा आता हाच असतो. पोरांना पाठमोरं बसवते आणि मागून एकेकाचं नाव घेते. नेवाशाची, पाथर्डीची, अकोले तालुक्यातली पोरं. एकाही घरात मानसशास्त्राचं पुस्तक नसेल, पण सगळ्यांच्या माना तशाच ताठ होतात.

गेल्या आषाढात असाच एक दिवस होता. पोरं मैदानावर गेली होती, वीज नव्हती, गिरणी बंद होती. मी फळा पुसत होते. खालून हाक आली, "मॅडम."

जिना वाजला नव्हता. माझी मान ताठ झाली, ते मला जाणवलं. एवढी वर्षं शिकवून, एवढं शिकूनही. मग मी पुसणं खाली ठेवलं आणि दाराकडे वळून म्हणाले, "ओ. ये, वर ये."

जिन्यात ऊन होतं. कुणी नव्हतं. मी दार उघडंच ठेवलं आणि बराच वेळ थांबले.

दुसरी हाक आली नाही.